धागा: इंग्लिश एकनळी बंदुकांचा संग्रह आणि नळीच्या पोटावरचे शिक्के

शिक्काशोधक

नमस्कार. गेली चौदा वर्षे मी बर्मिंगहॅम परिसरात राहतो, आणि शॉटगन बाळगण्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यापासून जुन्या इंग्लिश बंदुका जमवतो. मात्र मी फक्त एकनळी बंदुका घेतो. इथल्या संग्राहकांचे सगळे लक्ष दुनळीकडे असते. लंडनच्या नामांकित कारागिरांची, नक्षीकाम केलेली, चामडी पेटीत जोडीने ठेवलेली दुनळी हीच त्यांच्या लेखी बंदूक. एकनळी ही जंगलराख्याची, शेतकऱ्याची किंवा तेराचौदा वर्षांच्या मुलाची. ती दाराआड उभी राहायची, पावसात भिजायची आणि मोडली की भंगारात जायची. त्यामुळे हजारोंनी बनलेल्या काही प्रकारांचा मूळ अवस्थेतला नमुना आज मिळणे दुर्मीळ झाले आहे आणि महागड्या दुनळ्या मात्र सुखरूप आहेत. जे स्वस्त होते तेच आता सापडत नाही, हा या छंदातला मला आवडणारा भाग आहे.

सुरुवात बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीच्या ‘जीपी’ या एकनळीपासून करतो. जीपी म्हणजे ‘जनरल पर्पज’, सर्वोपयोगी. हिची यंत्रणा मार्टिनी पद्धतीची आहे. अमेरिकेतील पीबडी यांनी 1862 मध्ये खाली झुकणाऱ्या ठोकळ्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले होते. त्यात ठोका देणारा घोडा बाहेर होता. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या मार्टिनी यांनी तो काढून टाकला आणि काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी कॅप फोडणारी पिन व तिची स्प्रिंग ठोकळ्याच्या आतच बसवली. ब्रिटिश सैन्याने 1871 मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल ती हीच. पुढे सैन्याला तिची गरज उरली नाही, पण यंत्रणा इतकी दणकट आणि बनवायला इतकी सोपी होती की बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी ती बारा बोरच्या (बोर हे नळीच्या व्यासाचे माप) छर्र्याच्या बंदुकीत आणली.

माझ्याकडची जीपी हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा तोल. वजन दोन्ही हातांच्या मधोमध, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या पोलादी पेटीत एकवटलेले आहे. चापाच्या मागची तरफ खाली ओढली की ठोकळ्याचे पुढचे तोंड झुकते, नळीचे मागचे तोंड उघडे पडते आणि रिकामे काडतूस मागे सरकते. तरफ वर घेताना घट्ट ‘खट्’ असा आवाज होतो आणि त्याच हालचालीत बंदूक ताणलीही जाते. घोडा दिसत नाही, बिजागरीवर मोडत नाही, त्यामुळे दुनळीची सवय असलेल्या माणसाला ती पहिल्या दिवशी परकी वाटते. 1965 मध्ये वेबली अँड स्कॉटने ग्रीनर कंपनी घेतल्यानंतरही जीपी बनत राहिली, म्हणून पेटीवरचा मजकूर आणि नळीवरचे शिक्के दोन्ही पाहिल्याशिवाय वय सांगू नये.

आपल्यापैकी कोणाकडे घरात परवान्यावर चालत आलेली इंग्लिश एकनळी असेल, किंवा कोणी वेगळे प्रकार पाहिले असतील, तर कृपया लिहावे.

जुनाबाजार

धागा आवडला, पण एक शंका आहे. संग्रहात नावाला काही किंमत असते की नाही? नळीवर लंडनच्या मोठ्या घराण्याचे नाव असेल तर तीच एकनळी अनेक पटींनी महाग विकली जाते. अमेरिकेतील ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या, नेमबाजांसाठी नामवंत इंग्लिश कारागिरांनी उत्तमातल्या उत्तम एकनळ्या बनवल्या होत्या आणि त्या काही दाराआड उभ्या राहणाऱ्या नव्हेत. तेव्हा ‘एकनळी म्हणजे गरिबाची बंदूक’ हे विधान जरा सैल आहे असे वाटते.

शिक्काशोधक

मान्य आहे, ट्रॅपसाठीच्या एकनळ्या हा वेगळा वर्ग आहे आणि माझे विधान त्यांना लागू होत नाही. पण नावाबाबत मी ठाम आहे. बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये, म्हणजे बंदूक कारागिरांच्या वस्तीत, एक बंदूक एकाच छपराखाली बनत नसे. नळी घासणारा वेगळा, कळ बनवणारा वेगळा, दस्ता बसवणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा, आणि अर्धवट झालेला माल हातगाडीवरून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचा. तयार बंदुकीवर नाव कोरले जाई ते बहुधा विकणाऱ्याचे, मग तो इंग्लंडमधल्या एखाद्या बाजारगावचा लोखंडी सामानाचा दुकानदार असो की कलकत्ता-मुंबईचा व्यापारी. नाव वाचून आपल्याला दुकान कळते. बंदूक कळायची असेल तर नळीखालचा लाकडी पुढा काढून नळी उलटी करावी आणि तिच्या पोटावरचे शिक्के वाचावे लागतात.

तळकोकणी

मी सिंधुदुर्गात राहतो. आमच्याकडे आजोबांच्या काळापासून एक बारा बोरची एकनळी आहे, बाहेर घोडा असलेली. परवाना आजोबांनंतर वडिलांच्या आणि आता माझ्या नावावर आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते, एवढाच तिचा आताचा प्रवास. गावात बहुतेकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्यामुळे काडतुसाची म्हणून लहानपणी हिचा फार रुबाब वाटायचा. नळीवर मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे नाव पुसट दिसते, तो व्यापार आता राहिलेला नाही.

आपला प्रतिसाद वाचून तालुक्याच्या ठिकाणच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे बंदूक नेली आणि त्यांच्याकडून पुढा काढून घेतला. खाली भिंगातून पुढील खुणा दिसल्या: मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली एनपी. एका चौकटीत, जी पतंगाच्या आकाराची आहे, 12 आणि सी. शेजारी ‘13’ आणि त्याखाली ‘1’ असा अपूर्णांकासारखा आकडा, आणि ‘चोक’ असा शब्द. इंचातला कोणताही आकडा दिसत नाही. यातून काही कळते का? आणि बारा बोरच्या बंदुकीवर तेरा कशासाठी?

शिक्काशोधक

बरेच काही कळते, आणि आपण खुणा उत्तम टिपल्या आहेत.

बीपी आणि बीव्ही हे बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे शिक्के आहेत. 1813 च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था डिग्बेथजवळ बॅनबरी स्ट्रीटवर आजही काम करते. लंडनचे प्रूफ हाउस त्याहून जुने, तिथल्या गनमेकर्स कंपनीला 1637 ची सनद आहे. विक्रीपूर्वी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त ताकदीचा बार भरून ती उडवायची आणि ती टिकली तरच शिक्का मारायचा, हे तिथले काम. मुकुट आणि बीपी, बीव्ही, एनपी ही त्रयी 1904 च्या नियमांनी आली. एनपी म्हणजे नायट्रो प्रूफ, अर्थात ही नळी काळ्या दारूवर नव्हे तर आधुनिक धूरविरहित दारूवर तपासली गेली आहे. पतंगाच्या चौकटीतले 12 आणि सी हे चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, बारा बोरचे असल्याचे सांगतात. ‘चोक’ म्हणजे नळी पुढच्या तोंडाशी किंचित आवळलेली आहे. 1925 च्या नियमांपासून चेंबरची लांबी इंचांत ठोकली जाऊ लागली. आपल्या नळीवर ती नाही, म्हणून ही बंदूक 1904 ते 1925 या काळातली असावी. बर्मिंगहॅममध्ये 1921 पासून वर्षदर्शक अक्षराची एक छोटी खूणही मारली जात असे. ती खरोखरच नसेल तर बंदूक 1921 च्या आधीची ठरवता येईल, पण अशी खूण झिजून जाऊ शकते, त्यामुळे तिच्या नसण्यावर फार भार टाकू नये.

आता तेराचे. बोर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोरचा व्यास 0.729 इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. पण प्रूफ हाउस नळीचा व्यास मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर प्रत्यक्ष मोजून जो भरेल तो नोंदवत असे, आणि त्यासाठी मधले टप्पे ठरवलेले होते. 13 म्हणजे 0.710, 13 खाली 1 म्हणजे 0.719, 12 म्हणजे 0.729, 12 खाली 1 म्हणजे 0.740. आपली नळी जन्मतः किंचित घट्ट होती, इतकाच त्याचा अर्थ. ही खूण आज उपयोगी पडते ती वेगळ्याच कारणाने. आता तीच जागा मोजून व्यास बराच वाढलेला आढळला, तर कोणीतरी आतले गंजाचे खड्डे घासून काढले आहेत आणि नळीची भिंत पातळ झाली आहे हे समजते. ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेली नळी इंग्लंडमध्ये पुन्हा प्रूफ करून घेतल्याशिवाय विकता येत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी एका लिलावात ‘आतून आरशासारखी’ असे वर्णन असलेली घोड्याची एकनळी मी घेतली. आरसा खराच होता. घरी आणून बोरमापक आत सरकवला तेव्हा नऊ इंचांवर 12 खाली 1 च्याही पुढचा आकडा आला, आणि शिक्का मात्र 12 चा होता. ती आता माझ्याकडे भिंतीवरही नाही, कपाटाच्या तळाशी आहे.

भिंगवाला

आमच्याकडे जुने जाणकार नळी दोरीला टांगून नखाने टिचकी मारायला सांगत. घंटेसारखा आवाज आला तर नळी चांगली. ही परीक्षा सर्वांनी करावी.

शिक्काशोधक

ही परीक्षा दुनळीची आहे. दोन नळ्यांमधली पट्टी आणि तिचे डाक सुटले असेल तर आवाज बद्द येतो, म्हणून तिथे ती कामाची. एकनळीला बहुधा पट्टीच नसते, मग वाजून वाजून ती सांगणार काय? गंजाने पातळ झालेली एकनळीही छान वाजते.

एकनळीची परीक्षा बिजागरीवर होते. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, पुढा काढावा, नळी हातात धरून दस्ता हलका हलवून पाहावा. खडखड झाली तर सांधा झिजला आहे. नंतर नळीच्या मागच्या तोंडावर सिगारेटच्या कागदाचा तुकडा ठेवून बंदूक मिटावी. कागद पकडला जायला हवा. सुटून आला तर नळी आणि पेटी यांत फट आहे, आणि तिथून काडतुसाच्या बुडाला आधार मिळत नाही.

पाणथळ

मी नॉर्फकच्या किनाऱ्याजवळ राहतो, त्यामुळे माझा ओढा वेगळ्या एकनळ्यांकडे आहे. वॉश खाडी आणि एसेक्सच्या खारट दलदलीत हिवाळ्यात उतरणाऱ्या रानहंसांसाठी आणि बदकांसाठी आठ बोरच्या, चार बोरच्या एकनळ्या बनत. बर्मिंगहॅमचे टॉली बंधू अशा मोठ्या बोरांसाठी प्रसिद्ध होते. वर दिलेली व्याख्या घेतली तर चार बोर म्हणजे पाव पौंडाची, जवळपास 113 ग्रॅमची गोळी बसेल एवढी नळी. बारा बोरची गोळी अडतीस ग्रॅमच्या आतबाहेर असते. अर्थात किनाऱ्यावर गोळी नव्हे, छर्रेच भरत. अशा बंदुकांना दोन नळ्या लावल्या तर त्या उचलणार कोण, म्हणून इथे एकनळी ही काटकसर नसून गरज होती. यांतल्या अनेकींना चापाच्या कड्याखाली फिरवायची आडवी तरफ असते. ही हेन्री जोन्स यांची 1859 ची रचना. वरच्या तरफेची सोय आल्यावर हलक्या बंदुकांत ती मागे पडली, पण ओल्या मोज्यांच्या हातांनीही घट्ट आवळली जाते म्हणून मोठ्या बोरांत टिकली.

याहून मोठी ती होडीवर बसवलेली पंट गन. ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्याने पावणेदोन इंचांहून जास्त व्यासाच्या बंदुकीने पक्षी मारण्यास मनाई आहे. इंग्लंडमध्ये 1999 पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरता येत नाहीत, आणि पोलादी छर्रे या जुन्या नळ्यांना सोसत नाहीत, त्यामुळे ज्यांना त्या वापरायच्या असतात ते बिस्मथचे छर्रे घेतात. मी वापरत नाही. सकाळी चार वाजता चिखलात बसण्याचे वय गेले.

दुसऱ्या टोकाचा प्रकारही विसरू नये. वेबलीची नऊ मिलिमीटरची, बोल्ट ओढून भरायची ‘गार्डन गन’ ही बोटाएवढ्या काडतुसाची बंदूक. कोठारातले उंदीर आणि बागेतल्या चिमण्या एवढ्यापुरतीच तिची ताकद. काठीसारखी दिसणारी .410 ची (नळीचा व्यास इंचांत) बंदूक, मधोमध दुमडून कोटाच्या आत मावणारी चोरट्या शिकाऱ्याची बंदूक, कॉग्सवेल अँड हॅरिसनची बोल्टची ‘सर्टस’, अशी ही यादी लांबवता येईल.

जुनाबाजार

मूळ लेखात ‘वेगळे प्रकार’ म्हटले आहे, पण ग्रीनरच्या पोलीस बंदुकीचा उल्लेख अजून आलेला नाही. ती सर्वांत चमत्कारिक नव्हे काय?

शिक्काशोधक

तिच्यासाठीच जागा राखून ठेवली होती.

पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तमध्ये पोलिसांना आणि गावच्या रखवालदारांना, ज्यांना तिथे गफीर म्हणत, देण्यासाठी ग्रीनरने मार्टिनी यंत्रणेची ही एकनळी बनवली. सरकारला भीती अशी की बंदूक हिसकावली गेली तर ती आपल्यावरच उलटेल. म्हणून ती मुद्दाम चौदा बोरच्या खास काडतुसावर बेतली, जे बाजारात मिळणारच नाही. पण सोळा बोरच्या काडतुसाला कागद गुंडाळून जाड केले की ते आत बसते हे लोकांच्या लवकरच लक्षात आले, असे सांगितले जाते. मग आले मार्क तीन, म्हणजे तिसरी आवृत्ती. याचे काडतूस बुडाशी बारा बोरचे आणि पुढे मान काढून चौदाचे, बाटलीसारखे, म्हणजे साधे बारा बोरचे काडतूस आत पूर्ण शिरत नाही. कोणी ते कापून लहान केले तर? त्यासाठी पिनेला त्रिशूळाचा आकार दिला. मधला काटा कॅपसाठी, आणि बाजूचे दोन काटे त्याच्यापेक्षा लांब. सरकारी काडतुसाच्या बुडावर कॅपभोवती गोल खाच असते, त्यात बाजूचे काटे शिरतात आणि मधला कॅपवर पोहोचतो. साध्या काडतुसावर बाजूचे काटे सपाट बुडावर आपटून अडतात आणि कॅप सुरक्षित राहते.

माझ्याकडच्या मार्क तीनची तरफ उघडून, बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून, ठोकळ्याच्या तोंडातली तीन छिद्रे ओळीत दिसतात तेव्हा मला त्या अनामिक कारागिरापेक्षा कागद गुंडाळणाऱ्या माणसाचे अधिक कौतुक वाटते, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यामुळे करावा लागला.

संग्राहकाची अडचण अशी की यांतल्या पुष्कळ बंदुका पुढे जुना माल म्हणून विकल्या गेल्या, आणि विशेषतः अमेरिकेत चेंबर वाढवून, पिन बदलून त्यांना साधे बारा बोर बनवले गेले. तीन छिद्रांपैकी दोन बुजवलेली दिसली की समजावे. मूळ पिनेसह, न छेडलेली मार्क तीन हीच खरी दुर्मीळ.

ठाणेकर वकील

हा रोग फक्त इजिप्तपुरता नव्हता. आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्यात .303 च्या ली-एनफिल्ड रायफली .410 च्या गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये बदलल्या गेल्या. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. पोलीस आणि तुरुंगरक्षक यांच्या हाती दिलेली ही बंदूक हिसकावून नेणाऱ्याला फारशी कामाची राहत नसे. दिसायला रायफल, स्वभावाने एकनळी.

वाचकांपैकी कोणी उत्साहाने पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट नमूद करतो. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय अशी कोणतीही बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे, मग ती शंभर वर्षांची असो किंवा बंद पडलेली पण दुरुस्त होण्याजोगी असो. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात. त्यामुळे शिक्काशोधक यांच्यासारखा संग्रह इथे करता येणार नाही. परवानाधारक वारला तर वारसांनी शस्त्र घरात न ठेवता ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून परवान्याचा अर्ज करावा. माळ्यावर ‘आजोबांची बंदूक’ सापडली म्हणून छायाचित्र टाकणारे दरवर्षी एकदोन भेटतातच.

तळकोकणी

सर्वांचे आभार. शिक्काशोधक, चेंबरच्या लांबीबद्दल विचारायचे राहिले. आम्ही पूर्वीपासून खडकीच्या कारखान्याची बारा बोरची काडतुसे वापरत आलो. ती आत व्यवस्थित बसतात, बंदूक मिटते, उडतेही. मग लांबीचा प्रश्न का यावा?

शिक्काशोधक

नेमका इथेच डोळा फसतो. आपल्या बंदुकीच्या काळातल्या इंग्लिश बारा बोरचे चेंबर सामान्यतः अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचे असते. आजची अनेक काडतुसे पावणेतीन इंची, 70 मिलिमीटरची असतात. पण हा आकडा काडतूस उडाल्यानंतर उलगडलेल्या लांबीचा आहे. भरलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असते, त्यामुळे 70 चे काडतूसही भरलेले असताना 65 च्या चेंबरमध्ये आरामात सामावते. बार उडाला की दुमड उघडून चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्र्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एका बाराने काही दिसत नाही. वर्षानुवर्षे सांधा सैल होत जातो.

भरलेले काडतूस मोजू नका, रिकामे मोजा. आणि आपल्या दुरुस्तीवाल्यांकडून चेंबर मोजून घ्या, कारण मधल्या काळात कोणी ते वाढवलेलेही असू शकते.

तळकोकणी

काल मोजून घेतले. चेंबर 65 मिलिमीटरचे आहे, वाढवलेले नाही. घरी वडिलांनी रिकाम्या काडतुसांचा पत्र्याचा डबा ठेवला होता, मुलांना खेळायला. त्यातली पंचवीसएक काढून पट्टीला लावली. काही 65 भरली, आणि त्यांच्या कडा स्वच्छ आहेत. काही 70 च्या जवळ भरली, आणि त्यांतल्या बहुतेकांची तोंडे कातरल्यासारखी चिरलेली, कडा किंचित पातळ ओढलेल्या आहेत. कागदाचीही परीक्षा केली. कागद अडकतो, पण जोर न लावता ओढला तर सुटून येतो.

दुरुस्तीवाल्यांनी सांधा भरून देण्याची तयारी दाखवली आहे. मी त्यांना थांबायला सांगितले आहे. पेटीच्या आतल्या बाजूस, पुढा काढल्यावरच दिसेल अशा जागी, दोन अक्षरांचा एक अगदी बारीक ठसा आहे, तो व्यापाऱ्याच्या नावाशी जुळत नाही. सांध्यावर कानस चालली तर तो जाईल अशी भीती वाटते. आधी त्याचे ठळक छायाचित्र घेऊन इथे टाकतो.

शिक्काशोधक

उत्तम केलेत. छायाचित्र तिरप्या उजेडात घ्या, फ्लॅश टाळा, आणि ठशावर तेल असेल तर ते आधी पुसून घ्या.